आत्याचा बिनचाकी पंप

आत्या सगळ्या वरच्या वस्तीची आत्या होती. सासरी तिचं जमलं नाही. का जमलं नाही ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन ती माहेरी आली, भावाच्या घराला लागून असलेली खोली झाडून घेतली आणि राहिली. भावजयीने पहिल्याच दिवशी विचारलं, किती दिवस? आत्या म्हणाली, मोजायला बसलीस तर कंटाळशील.

वस्ती डोंगराच्या खांद्यावर. खालून येणारा रस्ता असा वाकडातिकडा, की आग विझवायची मोठी गाडी मधल्या वळणावर आली की तिचं ढुंगण दरडीला लागायचं आणि तोंड दरीवर लोंबायचं. पुढे येणं नाही, मागे जाणं नाही. म्हणून अग्निशमन केंद्राने वस्तीला दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला इंजिनचा पंप दिला. सोबत पाणी ओढायचा जाड पाईप, कापडी नळ्यांची वेटोळी आणि लोखंडी चौकटीवर ताणायची ताडपत्रीची टाकी. पाणी जवळ असेल तर पंप थेट ओढ्यावर न्यायचा. लांब असेल तर आगीजवळ टाकी ताणायची, पिंपांनी भरायची आणि पंप तिला लावायचा. ट्रॅक्टर, जीप, नाहीतर माणसं, जे मिळेल ते ट्रेलरला जुंपायचं.

शिकवायला केंद्राचा साहेब स्वतः आला होता. शिकायला पुरुषमंडळी छाती काढून पुढे. त्यांना इंजिनाचा आवाज आवडला, चिखलात लोळलेल्या नळ्या धुऊन वाळत घालणं आवडलं नाही. शेवटी साहेबासमोर एकटी आत्या उरली. तेव्हापासून पंप तिचा. तिच्या खोलीमागच्या पत्र्याच्या आडोशाला तो उभा असायचा. ती त्याला पुसायची, इंजिन चालू करून बघायची, तेल घालायची. पोरं त्याला आत्याची म्हैस म्हणायची. आत्या म्हणायची, म्हैस परवडली, ती निदान दूध देते.

मग एक दिवस तोच साहेब आला आणि म्हणाला, पंप खालच्या खोऱ्यात न्यायचा हुकूम आहे. माणूस वाईट नव्हता. खाली घरं दाट झाली होती, लाकडाच्या वखारी झाल्या होत्या आणि आगीही जास्त लागत होत्या. केंद्राकडे पंप मोजकेच. वर कधी काही मोठं पेटल्याचं ऐकिवात नाही, असं त्याचं म्हणणं.

"पेटत नाही असं नाही," आत्या म्हणाली. "पेटलेलं जागच्या जागी विझतं, म्हणून तुमच्या कानावर येत नाही."

साहेबाने मान हलवली, पण हुकूम काही हलला नाही. ठरल्या दिवशी जीप पाठवतो म्हणाला.

जीप यायच्या आधी आत्याने जॅक लावला, पान्याने नट सोडवले, ट्रेलर दगडांवर बसवला आणि दोन्ही चाकं भावाच्या गोठ्यातल्या गवताच्या गंजीत खुपसली. भावाला सांगितलं नाही, भावजयीला तर नाहीच. साहेब आला तेव्हा म्हणाली, चाकं पंक्चर काढायला गेलीत. दोन्ही? दोन्ही. एकाच वेळी? जुळी आहेत, म्हणाली. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. साहेब हसला नाही. पंप कायम चाकांवर उभा हवा हे मी शिकवलं होतं, एवढं म्हणून त्याने जीप वळवली. आत्या खुशीत होती. त्या दिवशी तिने साऱ्या वस्तीला तो किस्सा ऐकवला, फक्त चाकं कुठे आहेत तेवढं गाळून.

वणवा आला तो भर दुपारी. वरच्या उतारावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं, आणि वारा गरम. कुणी म्हणालं विडी, कुणी म्हणालं तारेची ठिणगी. धूर दिसला तेव्हा आत्या आडोशाकडे धावली आणि दगडांवर बसलेला पंप बघून तिला चाकं आठवली. मग ती गोठ्याकडे पळाली. भाऊ गुरांची दावी कापत होता. गंजीने वरून पेट घेतलाच होता. आत्या आत शिरायला निघाली तर भावाने तिला दंडाला धरून मागे खेचलं. थोड्याच वेळात गंजीतून काळाकुट्ट, डांबरासारखा धूर उसळला. गवताचा धूर असा नसतो. वस्तीला तेव्हा कळलं की गंजीत काय होतं. भावजयीलाही तेव्हाच कळलं.

रडायला वेळ नव्हता आणि आत्याची ती सवयही नव्हती. तिने पंप ट्रेलरपासून सोडवला, माणसांना आरोळी देऊन शिडी आणवली, शिडी आडवी टाकून पंप तिच्यावर बांधला आणि जितके खांदे लागले तितके लावून ओढ्यावर उतरवला. वाटेत धक्के बसून पाईपचा जोड सैल झाला होता. पंपाने हवा धरली. इंजिन बोंबलतंय आणि नळी मेलेल्या सापासारखी पडलेली. आत्याने इंजिन बंद करून जोड आवळला, घागरीने पंपात पाणी ओतलं, शिव्या घातल्या आणि पुन्हा इंजिनाची दोरी ओढली. नळी फुगली. वर बायकांनी नोझल धरलं होतं, त्या मागे ढकलल्या गेल्या, पण सोडलं नाही कुणी.

घरांची ओळ वाचली. गुरं वाचली. गोठा गेला, आणि वर्षाचं गवत गेलं.

भावजयीने आत्याशी बोलणंच बंद केलं. आत्याच्या दारासमोरून जायची तेव्हा पदर असा झटकायची, की तो शब्दांपेक्षा जास्त लागायचा. शेजारपाजारचे म्हणाले, साहेब आला की सांग, चाकं दुरुस्त करून गोठ्यात ठेवली होती, जळाली, तुझा काय दोष? आत्याने त्यांना हाकलून लावलं.

वणव्याची बातमी खाली पोचली होती, साहेब नवी चाकं घेऊनच आला. ड्रायव्हरने ती चढवली, पंप पुन्हा ट्रेलरवर बसवला. सगळी वस्ती जमली होती. आत्या पुढे झाली.

"चाकं मी काढली, मीच लपवली. ती जागेवर असती तर माझ्या भावजयीचा गोठा वाचला असता. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा. पंप मात्र जाणार नाही."

साहेब म्हणाला, "बाई, तुमच्या हाती पंप धड राहत नाही हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगताय."

"मग माझ्या हातातून काढा. वस्तीतून का काढता? दुसऱ्या कुणाला शिकवा."

साहेबाने जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. पुरुष पायाखालची माती बघू लागले. ड्रायव्हरने जीप मागे घेतली आणि ट्रेलरचा दांडा उचलायला वाकला. तेवढ्यात गर्दीतून भावजय आली आणि त्या दांड्यावर बसली. मांडी घालून, दळायला बसावं तशी.

"मला शिकवा," ती साहेबाला म्हणाली. "हिच्यावर माझा भरवसा नाही."

ड्रायव्हर म्हणाला, वहिनी, उठा. भावजय म्हणाली, उठवून बघ. मग नोझल धरणाऱ्या बायका एकेक करून येऊन ट्रेलरवर टेकल्या. नव्या चाकांचे टायर दबले. साहेबाने समजावून पाहिलं, हुकूम दाखवला, खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी काय करायचं असं विचारलं. आत्या म्हणाली, त्यांनी त्यांचा पंप मागावा, मागायला तोंड लागतं, नसेल तर आमच्यातली दोन पाठवते. साहेबाला तेव्हा कुठे हसू आलं, पण ते त्याने रुमालात पुसलं. वरिष्ठांना काय सांगायचं ते सांगेन, पण मी पुन्हा येणार, असं बजावून तो जीपमध्ये बसला. जीप रिकामीच उतरली.

बायका पांगल्या. भावजय दांड्यावरून उठली, राखेने काळ्या झालेल्या नळ्यांच्या ढिगाकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "या धुवायच्या कशा?"

"बोलायला लागलीस, बरं झालं," आत्या म्हणाली.

"बोलत नाहीये. विचारतेय."