सुमनवहिनींचा कॉम्प्युटर

शाळांसाठी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करताना तापलेल्या धुळीचा वास आला, की खालापूरच्या सुमनवहिनी आठवतात. बरीच वर्षं झाली. नवरा गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर त्यांनी गावच्या शाळेला दिला. मी सवयीप्रमाणे, न विचारता, आधी त्यातलं सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी वहिनी पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"भाऊ, यांची भजनं हायेत त्यात. बेसूर गायचे, पण आवाज तेवढाच उरलाय. काढून द्या."

"डिस्क आधीच खराब झाली होती, वहिनी. दुसरी बसवली," मी खोटं बोललो.

त्यांनी पेनड्राइव्ह पदरात गुंडाळला. म्हणाल्या, "असू दे. तुमी नका वाईट वाटून घेऊ. पोरं तरी शिकतील."

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, खरं सांगितलं असतं, तर निदान त्या माझ्यावर रागावू शकल्या असत्या.