एक कर्ता, एक क्रिया, फुलस्टॉप!

रिटायर झालेल्या माणसाकडे दोनच गोष्टी वाढत जातात: रक्तातली साखर आणि डोक्यातले किस्से. साखरेवर गोळी मिळते. किश्शांवर अजून निघालेली नाही, त्यामुळे ते तुम्हाला ऐकावे लागतील.

इकडे गुजरातेत, उधन्यातल्या कापड मिलच्या ऑफिसातून सुटलो आणि नवागाममध्ये मंडळाच्या खोलीत दर रविवारी इंग्रजीचा फुकट क्लास काढला. जन्मभर साहेबांची चार-चार ओळींची वाक्यं टाइप केली होती, म्हणून पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "इथे फक्त साधं वाक्य! एक कर्ता, एक क्रिया, फुलस्टॉप!"

आमची माणसं खान्देशची. त्यांना कर्ता सापडतो, क्रियाही सापडते. फुलस्टॉप मात्र सापडत नाही.

* * *

उदाहरणार्थ भगवान. हा लूमवरचा जॉबर, म्हणजे मशीन दुरुस्त करणारा. सुट्टी मागायची तर सुरुवात चुलतमामाच्या साखरपुड्यापासून. मुद्दा येईपर्यंत सेठ दुसऱ्या खात्यात पोचलेला असे.

क्लास सुरू झाल्यावर एके दिवशी तो सेठसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सेठ, आय गो टुमॉरो."

सेठ गार! त्याच्या तोंडून गुजरातीत एवढंच निघालं, "क्यारे पाछो आवीश?" म्हणजे, परत कधी येणार?

"आय कम मंडे."

सुट्टी मंजूर. भगवान मला म्हणाला, "नाना, सेठला वाटलं, हा विचारत नाही, सांगतोय!"

* * *

याच भगवानचं एकदा राजू टेंपोवाल्याशी गल्लीत गाडी लावायच्या जागेवरून वाजलं. राजूही क्लासातलाच. मी मध्ये पडलो, "भांडा, पण इंग्रजीत!"

"दिस इज माय प्लेस."

"नो. दिस इज माय प्लेस."

"यू गो."

"यू गो."

दोघांची क्रियापदं संपली. शेवटी चहाला गेले. अहिराणीत असतं तर पोलीस आले असते.

* * *

क्लासातली सगळ्यात हुशार म्हणजे सुनंदा. घरी साड्यांवर स्टोन लावायचं काम करते. तिच्याबरोबर तिची सासू गजराबाई येई, सुनेवर लक्ष ठेवायला. मागे भिंतीला टेकून लसूण सोलत बसे. मी म्हटलं, "आजी, तुम्हीही शिका."

"माले काय करनं शे? मी नुसती बशेल शे, मास्तर!"

एकदा मी बायकांना सांगितलं, नवऱ्याचं नाव घालून वाक्य करा. सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उखाणा असता तर गोष्ट वेगळी. एकीने भीत भीत विचारलं, "नाना, इंग्रजीत घेतलं तर चालतं का?"

मी काही बोलायच्या आत मागून निकाल आला, "ले वं! देवले कुठे इंग्रजी येस?"

झालं! "हिज नेम इज संतोष," सुनंदाने सुरुवात केली आणि खोलीभर नवऱ्यांची नावं उडू लागली. एका बाईने तर चार वेळा घेतलं. मी विचारलं, एवढ्या वेळा कशाला? म्हणाली, "वीस वर्षांचं साचलेलं आहे!"

* * *

भेस्तानच्या एका कपड्यांच्या कंपनीत चेकिंग सुपरवायझरची जागा निघाली. वरची मॅडम चेन्नईची. तिला हिंदी येत नाही, गुजराती येत नाही, म्हणून फोनवर इंग्रजीत मुलाखत. सुनंदाला ती नोकरी हवी होती. किती हवी होती, ते तिच्या पाठ केलेल्या वाक्यांवरून कळत होतं.

संतोष म्हणे, "आईला विचार." आई म्हणे, "मंग घरनी भाकरी कोन थापी?" विषय संपला. पण सुनंदाने अर्ज करून टाकला होता.

मुलाखतीच्या दिवशी धीर द्यायला तिने मला घरी बोलावलं. संतोष कामावर होता. गजराबाई कोपऱ्यात, पुढ्यात लसूण, कपाळाला आठी. फोन स्पीकरवर.

सुनंदाने मैदान मारलं! "आय चेक साडी. आय फाइंड मिस्टेक. आय टेल वर्कर." एकही वाक्य लांबलं नाही. मॅडम खूश. म्हणाली, "व्हेरी क्लिअर! लास्ट क्वेश्चन. शिफ्ट रात्री आठपर्यंत असते. तुझी फॅमिली परवानगी देईल?" अर्थात इंग्रजीत.

याचं वाक्य सुनंदाने पाठ केलं नव्हतं. हे वाक्य तिचं नव्हतंच.

"हॅलो?" मॅडम म्हणाली.

सुनंदाने सासूकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

गजराबाई उठली. लसणाचे हात पदराला पुसले, सुनेच्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर आरशासारखा धरला.

"हॅलो. आय अ‍ॅम फॅमिली. शी कम मंडे. फुलस्टॉप!"