माळावरची द्राक्षं

तामलवाडीला आमची दोन तऱ्हेची जमीन आहे. ओढ्याकाठी काळी, भारी रान आणि वर मुरमाड माळ. द्राक्षबाग काळीत. माळावर नवऱ्यानं हौसेनं लावलेल्या चार ओळी तेवढ्या. तिथले मणी बारीक राहायचे, म्हणून ती द्राक्षं आम्ही घरीच खायचो.

लेक द्राक्षशेती शिकली आणि फ्रान्समध्ये बोर्दोला एका बागेत कामाला लागली. तिकडं तोडणी सप्टेंबरात. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाइल जमिनीकडं धरला. वेलींच्या बुडाशी नुसते गोटेच गोटे!

सासूबाई चष्मा सावरत पुढं वाकल्या. "अगं बया! एवढं विमानानं जाऊन माळावरच उतरलीस व्हय?"

लेक खळखळून हसली. "आजी, इथली लई नावाजलेली रेड वाईन ह्याच गोट्यांवर पिकते. नदीनं आणून टाकलेत. पाणी साचत न्हाय, मग मुळं खोल जातात. दिवसा गोटे तापतात, रात्री वेलींना ऊब देतात. नदीपल्याड चिकणमाती, तर तिथं द्राक्षाची जात पण निराळी."

"वाईनचं ऱ्हाऊ दे. द्राक्षाचं सांग," सासूबाई म्हणाल्या. नवरा चपला घालून सरळ माळाकडं चालू लागला.

फेब्रुवारीत लेक सुट्टीवर आली. आमची बाग तेव्हा ऐन भरात होती. तिनं दोन्हीकडचे घड एका ताटात ठेवले, वडिलांच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली आणि एकेक मणी भरवला.

"हे माळाचं. माझ्या हातचं मला कळत न्हाय व्हय?" नवरा छाती काढून म्हणाला.

ते काळीतलं निघालं. "आत्ताच चहा प्यालो ना," म्हणत तो ओढणी सोडायला लागला. आम्ही हसून हसून बेजार.

मग सासूबाई बसल्या. डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. "हे माळाचं. साल जाड हाय, पण गोडी मागनं येती अन् तोंडात ऱ्हाती."

बरोबर होतं. लेकीनं त्यांना मिठीच मारली.

"मला घेऊन जा तिकडं," त्या म्हणाल्या. "ती माती हातात घेऊन बघायची हाय मला."

आम्हाला ती गंमत वाटली. पण गेल्याच महिन्यात त्यांनी तुळजापूरला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला. फोटोवाला सारखा सांगत होता, "आजी, हसू नका." त्यांना काही ते जमेना.