चांद, मंगळ आणि तिसरा खेळ

माझ्या भावाने लहानपणी तीन खेळ तयार केले. तिन्ही आकाशातल्या प्रवासाचे. पहिला चांदाचा, दुसरा मंगळाचा, आणि तिसऱ्याला त्याने नावच दिलं नाही. आम्ही त्याला तिसरा खेळ म्हणायचो.

भाऊ यंदा गेला. पुण्यानुमोदनाला त्याची नात आली होती. दुपारी पाहुणे पांगल्यावर ती माझ्याजवळ बसून कॉम्प्युटरवरच्या एका खेळाविषयी सांगत होती. अंतराळयानातली माणसं, आपण त्यातलं एक व्हायचं, काय बोलायचं, कोणाला वाचवायचं हे आपणच ठरवायचं. त्याचा म्हणे नुकताच तिसरा भाग आला होता. "पण आजी, आधीच्या दोन भागांत कितीतरी जास्त होतं. यात त्यांनी सगळं काढूनच टाकलंय."

मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांच्या तिसऱ्या खेळाबद्दलही आम्ही हेच म्हणालो होतो. तिला ते ठाऊक नव्हतं. भावाने तिला कधी सांगितलं नसावं. तेव्हापासून मी ते तीन खेळ मनात शेजारी-शेजारी मांडून बघते आहे.

आम्ही शिरपूरला राहायचो. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आमचा जिल्हा अकोला. बाबा एसटीत कंडक्टर होते. गावातल्या जैन देवळाला येणारे यात्रेकरू गाडीत वर्तमानपत्रं, मासिकं विसरून जायचे. त्यातली कोणी मागायला आलं नाही की बाबा घरी आणायचे. माणूस चांदावर जाऊन आला हे आम्हाला अशाच एका चुरगळलेल्या पानावरून कळलं, तेही इतरांच्या बरंच मागाहून.

भावाला त्याआधीच सांधेतापाने धरलं होतं. ताप उतरला, पण काळजाला लागून गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी धावणं बंद केलं. गल्लीतली मुलं वाईट नव्हती. त्यांनी त्याला खेळातून काढलं नाही, कच्चं लिंबू केलं. म्हणजे तो लपला तरी कोणी शोधायचं नाही, शिवला गेला तरी आऊट नाही, त्याच्यावर डाव यायचा नाही. शेंबड्या पोरांना देतात ती सवलत बारा वर्षांच्या मुलाला मिळाली. तो चार दिवस गेला आणि मग घरात बसू लागला. मायने विचारलं, "काहून रे, खेळाले नाही जात?"

"तिथं मी नसलो तरी तेवढेच गडी भरतात," तो म्हणाला.

मग त्याने ओसरीवर खडूने चांद काढला.

खेळायला आम्ही चौघं. तो, मी, शेजारच्या भाजीवाल्या बागाईतदाराची मुलगी, आणि तिचा चुलतभाऊ. ती मुलगी माझ्याच वर्गात होती आणि तिची जीभ विळ्यासारखी होती. चुलतभाऊ विटीदांडूत गावात पहिला.

चांदाला जायचं म्हणजे कसं जायचं, हे आम्हाला एकाच प्रकारे कल्पता येत होतं. गाडी. गाडीला डायवर पाहिजे, कंडक्टर पाहिजे, घंटी पाहिजे. त्यामुळे आमचं यान डबल बेल दिल्याशिवाय हलत नसे, आणि वाटेत थांबे होते. ढगांच्या वर एक विनंती थांबा होता, कोणी हात दाखवला तरच गाडी थांबायची. चांदाची गाडी मुक्कामी होती. रात्री तिथेच राहून सकाळी शिरपूरला परत. आपण काही चूक करतो आहोत असं आम्हाला वाटलंच नाही. मासिकात यानाचं चित्र होतं, पण त्यात कंडक्टर दिसत नव्हता, तेव्हा तो आत असेल असं आम्ही धरून चाललो.

प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. मी डॉक्टरीण, भाजीवाली मुलगी माळीण, चुलतभाऊ पहिलवान. भाऊ डायवर, आणि चांदावर जे काही घडेल ते सांगणाराही तोच. आम्ही विचारायचं, त्याने सांगायचं.

"चांदावर वांगे येतात काय?" ती मुलगी.

"लावून पाह्य."

"लावले."

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो सांगायचा की वांगी आली आहेत, पण पांढरी, आणि तोडली की वर उडून जातात. मग ती त्यांना दोरीने बांधायची. सबंध उन्हाळा आम्ही त्या दोरीवर काढला. नियम जवळजवळ नव्हतेच. खेळताना सर्वांत जास्त हसलो असू तर याच खेळात. पुढच्या दोहोंत ते हसू परत आलं नाही, हे मला मान्य करावं लागेल.

तो मोडला एका वाक्याने. पहिलवानाला चांदावरच्या खड्ड्यात पडून मरावं लागलं, तेव्हा तो चिडून म्हणाला, "आमीच मरतो बे दरखेप. डायवर कधी मरते काय? हा तं इथंबी कच्चंच लिंबू हाये."

दुसऱ्या दिवशी भावाने ओसरीवरचा चांद पुसून टाकलेला होता.

मंगळाचा खेळ त्याने पुढच्या सुटीत काढला. दिसायला तिन्हींत सर्वांत देखणा तोच. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, खळीने चिकटवून केलेला मोठा नकाशा. लाल माती दाखवायला खरीच माती पाण्यात कालवून फासलेली. यावेळी सांगणारा कोणी नव्हता, सगळं नियमांनी ठरायचं. चिंचोके फोडून केलेले फासे टाकायचे. पांढरी बाजू जितकी वर तितकी घरं पुढे. प्रत्येकाजवळ पुठ्ठ्याचं एक तिकीट, त्यावर हवेचे चौकोन. एक चाल झाली की एक चौकोन पंच करायचा. बाबांचा धार गेलेला जुना पंच घरी होता, तो यासाठी लागला. चौकोन संपले की हवा संपली, माणूस मेला. आणि यात भाऊही आमच्यासारखाच एक गडी होता. मरू शकणारा.

पहिल्यापेक्षा हा खेळ मोठा होता, पण आमचं बोलणं कमी झालं. आम्ही मोजत बसायचो. "हा खेळ हाये का शाळेतलं गणित?" भाजीवाली मुलगी म्हणायची. तिच्या चुलतभावाला मात्र तोच आवडला. नियम म्हणजे नियम, कोणी वर बसून सांगणारा नाही. भाऊ गेल्यावर तो भेटायला आला होता, सगळे दात पडलेले, आणि चहा पिताना म्हणालाच, "काही म्हण, मंगळाचा तो खरा होता."

पण खोट त्यातच निघाली. पंच त्या मुलीजवळ असायचा. एके दिवशी भाऊ आपलं तिकीट उजेडाकडे धरून बघत राहिला.

"माह्या चाली जास्त झाल्या. भोकं कमी कशी?"

त्या मुलीने पंच परकराखाली सरकवला.

"कोणं केलं हे?"

"तुह्या मायनं सांगतलं," ती मुलगी शेवटी म्हणाली. "हारला की त्याले धाप लागते म्हणे. त्याले मरू देऊ नका म्हणे."

आम्हा तिघांनाही मायने तेच सांगितलं होतं. भावाने नकाशा गुंडाळला. वाळलेली लाल माती ओसरीभर सांडली, तीही त्यानेच झाडून काढली.

त्यानंतर बरेच महिने खेळ नाही. तो काहीतरी करतो आहे हे मला दिसत होतं, पण विचारलं की हात झाकायचा. मी अंदाज बांधायचे. चांद झाला, मंगळ झाला, आता गुरू असेल, कडं असलेला शनी असेल. नकाशा भिंतीएवढा असेल.

संक्रांतीच्या सुमारास त्याने आम्हाला बोलावलं. ओसरीवर चार गुंड्या होत्या, लाल, निळी, काळी, पांढरी. एक पत्र्याचा डबा. बस.

"ग्रह कोठी हाये?" मी विचारलं.

"माहीत नाही. गाडी निघाली हाये, पोचली नाही."

"अन् नकाशा?"

"नाही."

"येवढे दिवस काय अंडे उबवून राह्यला होता काय रे?" भाजीवाली मुलगी म्हणाली. तिच्या चुलतभावाने तर उठायचीच तयारी केली.

भावाने त्याला हात धरून बसवलं आणि खेळ समजावून सांगितला. गाडीत चार माणसं, चार रंगांची. आपण प्रत्येकाने डब्यातून घडी केलेली चिठी काढायची. त्यात आपला रंग. तो कोणाला सांगायचा नाही. आपल्या माणसाने काय करायचं ते दुसऱ्या चिठीवर डाव्या हाताने लिहून डब्यात टाकायचं, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. मग चिठ्या वाचायच्या. लाल माणूस इंजिन दुरुस्त करतो. काळा झोपतो. निळा पाणी चोरतो. कोणता माणूस कोण चालवतो, हे कोणालाच कळणार नाही.

"अन् हवा कमी पडली की?" चुलतभावाने विचारलं.

"तं गाडी विनंती थांब्यावर थांबते. एक जण उतरते. कोण, ते सगळ्यांनी ठरवाचं."

"उतरला की?"

"उतरला. मुक्काम तिथंच. त्यानं मंग बोलाचं नाही."

मला त्यावेळी ते फक्त अवघड वाटलं. आता वाटतं, चांदात त्याला हात लावता येत नव्हता, मंगळात आम्ही लावत नव्हतो, म्हणून तिसऱ्यात तो आम्हाला सापडूच नये अशी त्याने व्यवस्था केली. ज्याला ओळखता येत नाही त्याच्यावर दया कशी करणार? त्यापायी त्याने चांदाच्या गप्पा सोडल्या, मंगळाचा नकाशा सोडला.

तो डाव आम्ही दोन दुपारी खेळलो. पहिल्या दुपारी कंटाळा आला. दुसऱ्या दुपारी मजा येऊ लागली. काळी गुंडी माझी होती. पांढऱ्या माणसाचा मला राग येऊ लागला होता. तो प्रत्येक वेळी खिडकीशी जाऊन बाहेर बघायचा, काम काही करत नसे. चिठीवर वाकडं-तिकडं लिहिलेलं असायचं, 'पांढरा बाहेर पाहते.' हवा संपत आली आणि हा बाहेर बघतोय. चुलतभाऊ तर चिठी वाचताना शिव्याच द्यायचा.

थांबा आला. प्रत्येकाने पाठ फिरवून डब्यात एका रंगाचं नाव टाकलं. चिठ्या भाजीवाल्या मुलीने उघडल्या.

"पांढरा. पांढरा. लाल. पांढरा." तिने डबा खाली ठेवला. "उतर बाप्पा, कोण हाये तो आळशी."

भाऊ हसला. मग त्याने आपली घडी उघडून जमिनीवर ठेवली. पांढरा.

माय दारात तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं. "कायले उतरवलं वं त्याले? सांगतलं होतं ना तुमाले?"

"माय, त्याईले माहीतच नव्हतं!" भावाचा आवाज चिरकला. त्याला धाप लागली होती, आणि ती लपवायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. "मी होतो हे माहीतच नव्हतं त्याईले! मले खरंच उतरवलं!"

मायला त्यात आनंद करण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. चुलतभाऊ गुंड्या गोळा करायला वाकला.

"ठेव त्या," भाऊ म्हणाला. "तुमची गाडी जाऊन राह्यली ना पुढं. तिथं काय हाये ते तं पाहा. मले वाटते की तिथं..."

"ए," भाजीवाली मुलगी त्याच्यावर खेकसली, "तू मेला ना? मेलेला बोलत नसते. चूप बस."

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि भिंतीला टेकून बसला. तिने डबल बेल दिली. आम्ही तिघांनी चिठ्या लिहायला घेतल्या, आणि तो डोळे मोठे करून आमच्या हातांकडे बघत राहिला.