स्पर्धेबाहेर

"मावशी, घाबरू नका. माईकमध्ये बोला. आयुष्यभर किती हालअपेष्टा सोसल्या, ते सांगा जरा लोकांना."

निवेदिकेनं माईक माझ्या आईच्या तोंडापुढं धरला होता. अमरावतीचं मोठं सभागृह. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप. पुढच्या रांगेत परीक्षक, पाहुणे, परदेशातून आलेले दिग्दर्शक. स्टेजवर आई, तिच्या ठेवणीतल्या पांढऱ्या साडीत. शेजारी मी. अंगावर शाल. हातात नुकतंच दिलेलं सन्मानचिन्ह.

आईनं विचारलं, "कोनत्या हालअपेष्टा?"

सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. लहान लेकरू बोबडं बोललं की हसतात, तसं. निवेदिकाही हसली. "बघा, किती साध्या आहेत!" म्हणाली. आणि माईक काढून घेतला.

त्याच्या आधी मानपत्र वाचलं होतं. गावकुसाबाहेरच्या झोपडीतून. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारातून. उपाशीपोटी पाहिलेल्या स्वप्नांतून. मी ऐकत होते. कोणाबद्दल चाललंय ते कळायची वाट पाहत होते. शेवटी माझं नाव आलं.

माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. सिस्टर म्हणून अर्धं अकोला तिला ओळखतं. तालेवारांच्या सुनांची बाळंतपणं तिच्या हातून झाली. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते आता नाहीत. अकोल्यात आमचं स्वतःचं घर आहे. मी त्याच घरात वाढले. उपाशी कधी झोपले नाही. चांदूर रेल्वेजवळच्या गावात आजोबांची झोपडी होती, ती मी पाहिलेली नाही. तिची मला लाज नाही. पण ती आजोबांची होती. मानपत्र लिहिणाऱ्यानं माझं आडनाव वाचलं, आणि बाकीचं स्वतःच्या मनानं लिहिलं.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी हिरडीत इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं झालं. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले. फोटोत मी हसताना दिसते.

आता सिनेमाचं सांगते.

जठारपेठेत माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. लग्नं, वाढदिवस, नामकरणं. दुसऱ्यांचे आनंद कापून जोडून देणं हेच माझं काम. त्या कामाच्या पैशातून मी कॅमेरा घेतला आणि एक लघुपट केला. त्यात दोनच बाया. आई आणि माझी आत्या. दोघी म्हाताऱ्या नणंद-भावजया नटूनथटून परतवाड्याला लग्नाला म्हणून निघतात, आणि लग्न सोडून जंगलातल्या सेमाडोहच्या गाडीत बसतात. कारण काय, तर जन्मात एकदा वाघ पाहायचा. वाघ दिसत नाही. त्या सिपना नदीत पाय सोडून बसतात, लग्नातल्या जेवणाची आठवण काढत घरच्या दशम्या खातात, भांडतात. आत्याची चप्पल पाण्यात वाहून जाते. परत येताना आत्या म्हणते, "आपल्याले वाघ नाई दिसला तं काय झालं वं? त्याले तं आपन दिसलो असन!"

एवढंच. कोणी मरत नाही. कोणी कोणाला मारत नाही. वाघाचं ते वाक्यही माझं नव्हतं. आत्या कॅमेऱ्यासमोर आपल्या मनानं बोलली, मी ठेवलं.

महोत्सवाला सिनेमा पाठवला तो लघुपट स्पर्धेसाठी. तिथली रीत अशी असते. आधी निवड समिती आलेले सगळे सिनेमे पाहते, त्यातले काही स्पर्धेत घेते. मग तेवढेच परीक्षकांना दाखवतात. परीक्षक एका खोलीत बसून भांडतात आणि निकाल लावतात. निवड समितीतून मला फोन आला होता. "तुमचा लघुपट स्पर्धेत आहे. अभिनंदन." मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत एकटीच बसले होते. खूप वेळ.

अमरावतीत पोचले तेव्हा सिनेमा स्पर्धेत नव्हता. 'उपेक्षितांचे सूर' नावाचा एक विभाग केला होता. त्यात टाकला होता. छोटं सभागृह, सकाळची वेळ. या विभागाला परीक्षक नाहीत. पुरस्कार नाही. आयोजक आपल्या मर्जीनं एकाला 'संघर्ष सन्मान' देणार.

महोत्सवाचे संचालक पुण्याहून येत. सगळे त्यांना सर म्हणत. मी त्यांना गाठलं.

"सर, मी स्पर्धेत होते ना?"

"होतात. पण परीक्षकांचा कल वेगळा पडला. आणि खरं सांगू? स्पर्धेत मोठमोठ्या संस्थांत शिकलेली मुलं आहेत. तिथे तुमचा निभाव लागला नसता. इथे तुम्ही उठून दिसाल."

मी म्हटलं, "बरं."

"एक सुचवू का? राग मानू नका. तुमच्या लोकांचं दुःख यायला हवं होतं. दोन बायका नुसत्या हिंडतात. तुमच्याकडच्या बायकांना हिंडायला वेळ कुठून मिळतो?"

मी म्हटलं, "बघते सर."

"आणि त्या 'मी जातो, मी येतो' काय म्हणतात? पुरुषासारखं! ते तेवढं शुद्ध करून घ्या. लोकांना वाटेल चूक राहिलीय."

वऱ्हाडात बायका मी जातोच म्हणतात. माझी आजी म्हणायची. आई म्हणते. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी शुद्ध बोलते, सरांशीही शुद्धच बोलत होते. "हो सर," म्हटलं.

सिनेमा दाखवला तेव्हा थोडेच लोक होते. त्यात एक गोरी बाई. आत्याची चप्पल वाहून गेली तेव्हा ती मोठ्यानं हसली. मागं वळून पाहिलं तर डोळे पुसत होती. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं.

समारोप झाल्यावर चहाच्या जागी तीच बाई माझ्याजवळ आली. पोलंडची होती. लघुपटांच्या परीक्षक मंडळातली. त्या सकाळी मोकळी होती म्हणून छोट्या सभागृहात येऊन बसली होती. इंग्रजीत म्हणाली, "तुझा सिनेमा आमच्यापर्यंत आलाच नाही. तू स्पर्धेसाठी दिला नव्हतास का?"

"दिला होता."

सर पलीकडं कोणाबरोबर फोटो काढत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मग आम्ही तो पाहायला हवा होता," म्हणाली. कप ठेवून निघून गेली. मी तिच्याकडून जास्त अपेक्षाही केली नाही.

म्हणजे परीक्षकांचा कल वगैरे काही नव्हतं. त्यांनी पाहिलाच नव्हता. पाहून नको म्हटलं असतं तर ती वेगळी गोष्ट. पाहायच्या आधीच कोणीतरी मला उचलून बाजूला ठेवलं होतं. कौतुकानं.

तेव्हाही काही वाटलं नाही. चहा गोड होता एवढं आठवतं.

आई आणि मी अकोल्याच्या गाडीत बसलो. सन्मानचिन्ह आईच्या मांडीवर होतं. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर आलं. तोवर आई खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "ते मानपत्रात कोनाबद्दल बोलून राह्यले होते वं?"

"आपल्याबद्दल."

"आपल्याले इचारलं होतं का त्यायनं?"

"नाही."

"मंग तू घेतलं काहून?"

आईच्या प्रश्नात राग नव्हता. दवाखान्यात पेशंटला विचारतात, कुठं दुखते, तसा साधा प्रश्न.

थोड्या वेळानं म्हणाली, "मी नर्सिंगले पास झाल्ती तवा मॅट्रन म्हने, तुमचं बरं हाये बाई, तुमाले सवलत हाये. म्या म्हटलं, मॅडम, माहा पेपर काढा अन् सगळ्याईचे काढा. शेजारी शेजारी ठेवा. मंग बोला."

"मग काढले?"

"नाई काढले. पन पुन्हा बोलली नाई."

ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल. घरात सण असला, पाहुणे असले की आई सांगते आणि सगळे हसतात. त्या दिवशी गाडीत मला ती पहिल्यांदा ऐकू आली. आईनं पास करा म्हटलं नव्हतं. माफ करा म्हटलं नव्हतं. पेपर शेजारी ठेवा म्हटलं होतं. माझा पेपर तपासायलाच कोणी घेतला नाही, आणि मी त्याबद्दल शाल पांघरून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. मिळेल त्या पहिल्या गाडीनं अमरावतीला गेले. आई येतो म्हणाली. मी नको म्हटलं.

महोत्सवाचं ऑफिस एका कॉलेजात होतं. बॅनर उतरवणं चाललं होतं. सर आत चहा पीत होते. मी सन्मानचिन्ह त्यांच्या टेबलावर ठेवलं. शाल घडी करून त्याच्या बाजूला.

"हे काय?"

"परत घ्या."

"अहो, का? आणि बरं झालं आलात. हा सगळा विभाग आम्ही जर्मनीतल्या एका महोत्सवाला पाठवतोय. तुमचा सिनेमा त्यात पहिला आहे. तुम्हाला बोलावतीलही."

"त्यातूनही काढा."

सरांनी कप खाली ठेवला. "हे बघा, तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"नाही सर. मला काहीच वाटत नाहीये."

खरंच सांगत होते. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

"मग तुम्हाला हवंय तरी काय? स्पर्धेत तुम्ही जिंकला नसता. लिहून देतो."

आणि तिथं माझं शुद्ध बोलणं संपलं. ठरवून नाही. जीभच वळली.

"मले हरायचं होतं, सर."

"काय?"

"परीक्षकायनं माहा सिनेमा पाहाचा होता. पाहून म्हनाचं होतं, हा नाई चालत. मी घरी गेली असती, आपल्या कामाले लागली असती. तुमी मले हरू बी देल्लं नाई."

बॅनर उतरवणारे थांबून पाहायला लागले. सर हळू आवाजात म्हणाले, "आवाज करू नका. मी तुमच्या भल्यासाठीच केलं. आणि एक लक्षात ठेवा, हे क्षेत्र फार लहान आहे. लोक विसरत नाहीत."

"नका विसरू."

"तुमच्या आईंचा तरी विचार करा. किती खूश होत्या काल."

"माही माय खूश नव्हती. तिनं तुमाले एक प्रश्न इचारला होता. तुमी माईक काढून घेतला."

मी निघाले. कोणी मागून हाक मारली नाही. बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस प्यायले आणि स्टँडवर गेले. विजय वगैरे काही नव्हता. दुकानात एका साखरपुड्याचं काम पडलेलं होतं, ते करत बसले.

पुढं काय झालं? जर्मनी गेली. आत्यानं विचारलं, "मंग आता नाई जानं का तिकडे?" नाही म्हटलं. "बरं झालं बाप्पा, थंडी लय राह्यते म्हनतात तठी." आमच्या भागातल्या लघुपटवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, मिळतंय तर माजली. आपल्याच माणसांनी अंगठे दिले. त्यातल्या दोघांसोबत मी विहारात लहानपणापासून एका सतरंजीवर बसलेली. एक जण फोन करून म्हणाला, "ताई, आपल्याले आत शिराले जागा भेटून राहिली होती. दरवाजा काहून लावला?" त्याचं मला वाईट वाटलं. सरांपेक्षा जास्त. मी त्याला म्हटलं, "तो दरवाजा नव्हता रे. ती वेगळी खोली होती." त्याला पटलं नाही. अजूनही आमचं बोलणं कमी आहे.

तोच सिनेमा मी दुसरीकडं पाठवला. तिथून एक मुलगी फोनवर फार गोड बोलली. "मॅम, तुमच्यासाठी आमच्याकडे खास विभाग आहे." मी विचारलं, "तुमच्या स्पर्धेचे परीक्षक तो पाहतील का?" ती म्हणाली, "नाही, हा वेगळा सन्मान असतो." मी म्हटलं, "मग राहू द्या." तिसरीकडून उत्तरच नाही. लोकांनी लक्षात ठेवलं म्हणायचं.

दुसरा सिनेमा लिहून झाला आहे. त्यातही आई आणि आत्या आहेत. त्यातही त्या मी जातो, मी येतोच म्हणतात. त्यातही कोणी उपाशी नाही. ज्या दिवशी मला उपासमारीवर सिनेमा करायचा असेल त्या दिवशी मी करीन. आजोबांच्या झोपडीवरही करीन. ती गोष्ट माझ्या घरातली आहे. कधी सांगायची, कशी सांगायची, सांगायची की नाही, ते मी ठरवीन. स्टेजवर उभं करून ती कोणी आमच्या तोंडून काढून घेणार नाही.

आतलं बधिरपण गेलेलं नाही. फोन वाजला आणि कोणी 'सन्मान' म्हटलं की गाल पुन्हा परका होतो. त्याला औषध मी शोधत नाही. बोलायला गाल लागत नाही, जीभ लागते.

आता सिनेमा पाठवताना मी एकच अट घालते. सगळ्यांच्यात ठेवा. सगळ्यांच्या मापानं मोजा. नापास करा, शेवटचा नंबर द्या, बोलावूही नका. त्या रांगेत मी शेवटची उभी राहीन. माझ्यासाठी वेगळी रांग काढाल, तर तिच्यात पहिली सुद्धा उभी राहणार नाही.