तांबड्या दगडाची चव

तमाम करवीरवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, महाराज गादीवर असताना आपल्या मुलखातला लोखंडाचा शोध एका म्हशीने जवळजवळ बंद पाडला होता. दरबारच्या दप्तरात याची नोंद नाही, म्हणून ती मी करतो.

मुंबईची एक छोटी कंपनी दरबारचा परवाना घेऊन कोल्हापूरच्या पश्चिमेला, तांबड्या पठाराच्या कडेच्या एका शेतात खोल भोकं पाडत होती. कंपनी म्हणजे एक साहेब, भाड्याचं एक यंत्र, ते चालवणारे आमच्या मंगळवार पेठेतले मिस्त्रीचाचा आणि कारकून मी. यंत्रातून दगडाच्या कांड्या निघत, थेट उसासारख्या. त्या खोलीच्या क्रमाने पेट्यांत मांडायच्या आणि किती फुटांवरची ते लिहून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवायची. क्रम गेला की मग तो नुसता दगड.

डिंक संपला म्हणून मी कणकेची खळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतमालकाची म्हैस सुटली. तिने पेट्या उलथ्या केल्या आणि चिठ्ठ्या खळीसकट खाल्ल्या.

"पंत, खळ झ्याक केलतीसा," शेतमालक म्हणाला. "एक बी ठेवली न्हाय."

मला हसू फुटलं. चाचांचा चेहरा पाहून ते जिरलं. साहेब दुपारी येणार होता. मागे एकदा क्रम चुकला तेव्हाच त्याने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मिस्त्री बदलीन. चूक माझी, नोकरी त्यांची.

"खळ माझी होती, असं मी साहेबाला सांगतो."

"मग दोघं बी घरी बसू. त्यापरीस हितं बसा," चाचा म्हणाले. "कुठला दगड कवा वर आला, माझ्या हाताला ठावं हाय. सारखे दिसत्यात तेवढे चाटून बघायचे. मातट दगड जिभेला चिकटतो, लोखंडाचा न्हाय."

"मग चाटा की."

"आज रोजा हाय माझा, पंत."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. म्हैससुद्धा.

मी बसलो. चाचा कांडी उचलत, बोटांनी चाचपत, डोळे मिटून त्या दिवशीचा यंत्राचा आवाज आठवत. अडलं की माझ्यापुढे धरत.

"चिकटतो?"

"चिकटतो."

"मग वरच्या पेटीतला. ह्यो बघा."

मला दर दगडामागे चूळ भरावी लागे. उन्हात तहानलेल्या त्या माणसासमोर पाणी तोंडाला लावायची लाज वाटे. मी पाठ फिरवून भरत होतो.

साहेब आला तेव्हा शेवटची कांडी माझ्या जिभेवर होती. मी सगळं सांगून टाकलं. काही कांड्यांची टिपणं साहेबाच्या वहीत होती. ती काढून तो एकेक पेटी ताडून पाहू लागला. चाचा यंत्राला हात टेकून उभे. अखेर वही मिटली.

"मिस्त्री राहील."

चाचांनी खांद्यावरचं फडकं तोंडावर घेतलं, आणि बराच वेळ काढलं नाही. शेतमालकाला राहवलं नाही.

"साहेब, मिस्त्रीला ठेवलंसा ते ब्येस केलंसा, पर ह्या पंतांस्नी जेवायला घाला की! सकाळपास्नं दगडं चाटाय लागल्यात!"