कान धरून बोलणारी बाई

गेल्या मंगळवारी सकाळी सांगलीच्या रेशन कचेरीत घोंगड्या विकणाऱ्या एका कानडी बाईवर अन्याय झाला. मराठी ती चाळिशीत, बाजारात शिकली. शब्द चुकला की कानाची पाळी धरायची आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायची.

घरातली माणसं सांगताना ती "चार" म्हणाली, लगेच कान धरून "पाच" म्हणाली.

"मावशे, माणसं हायती का कोंबड्या?" रांगेतून कुणी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

"बाई, जबाब फिरवता?" म्हणत कारकुनाने अर्ज परत केला.

ती शांतपणे म्हणाली, "खोटं बोलायचं असतं, तर पाठ करून आलो... आले असते."

महायुद्ध संपलं तरी रेशन सुटलेलं नाही, आणि तिच्या पाच माणसांना कार्ड नाही. येत्या मंगळवारी ती पुन्हा येणार आहे. तुम्ही रांगेत असाल, तर तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कारकुनाला दुसरा अर्ज घेऊ देऊ नका.